रिपोर्ट येईपर्यंतचा मुक्काम

मिरजेत राहणाऱ्या माणसाला डॉक्टर शोधावा लागत नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं. पुढे कर्नाटकातून, कोकणातून माणसं औषधपाण्यासाठी मिरजेला येऊ लागली, ती आजही येतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच लॅब होती. फॅमिली डॉक्टरांना माझ्या सासऱ्यांची शुगर, सासूबाईंचा काचबिंदू आणि माझ्या थायरॉईडच्या गोळीचा डोस तोंडपाठ होता. मी जिल्हा सहकारी बँकेत होते, हे एसटीत. दोघांच्या नोकऱ्या संपल्या, मुलगी तिच्या संसाराला लागली आणि आम्ही घर भाड्याने देऊन फिरायला निघालो. परत यायची तारीख ठरवली नव्हती, अजूनही नाही. एखाद्या गावी खोली घ्यायची, महिना-दोन महिने राहायचं आणि मग पुढच्या गाडीचं तिकीट काढायचं. उन्हाळा कुमाऊँच्या डोंगरात काढायचा आणि हिवाळा तमिळनाडू-केरळात. खर्च घरभाड्यात आणि ठेवींच्या व्याजात भागवायचा.

संसार दोन बॅगांत बसला. डॉक्टर मात्र मिरजेतच राहिले.

आजारी पडलं की कुठेही डॉक्टर भेटतो, त्याची चिंता नव्हती. चिंता होती ती काहीही दुखत नसताना करायच्या तपासण्यांची. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, सुरुवातीचा मधुमेह दुखत नाही आणि काचबिंदू तर नजर बरीचशी गेल्यावरच कळतो. गावात असताना या तपासण्या आपोआप होतात. डॉक्टर रस्त्यात भेटले तरी म्हणतात, ‘वहिनी, वर्ष झालं, रक्त देऊन जा.’ फिरत्या माणसाला असं टोकणारं कोणी नसतं.

निघण्याआधी डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी लेटरहेडच्या एका कागदावर आमच्या दोघांच्या तपासण्या लिहून दिल्या. ह्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी. आईला काचबिंदू होता, म्हणून डोळ्यांचा दाब आणि डोळ्याच्या मागची नस. तंबाखू सुटून बरीच वर्षं झाली असली, तरी तोंडाची तपासणी. मला साखर, रक्तदाब, थायरॉईडसाठी टीएसएच, दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी आणि गर्भाशयमुखाची तपासणी. यादी एवढीच. त्याखाली त्यांनी लिहिलं, ‘पॅकेज घेऊ नये.’

त्या ओळीचा अर्थ आम्हाला रामेश्वरमला कळला. धर्मशाळेत शेजारच्या खोलीत नागपूरकडचं एक जोडपं उतरलं होतं. आमच्यासारखंच, सहा-सहा महिने बाहेर राहणारं. वाटेतल्या एका शहरात एका लॅबने अर्ध्या किमतीत ‘फुल बॉडी चेकअप’ देऊ केलं, म्हणून दोघांनी रक्त दिलं आणि रात्रीची गाडी पकडली. गाडीतच मोबाइलवर रिपोर्ट आला. काकूंच्या रिपोर्टात सीए-१२५ म्हणून एक आकडा ३५ च्या आत हवा होता, तो ४१ आला आणि लाल अक्षरात छापला गेला. त्यांनी इंटरनेटवर शोधलं, तर अंडाशयाचा कर्करोग समोर आला. लॅबवाल्याने फोनवर ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढंच सांगितलं. कुठल्या डॉक्टरांना? रामेश्वरमला दर्शनाला आलेल्या त्या बाई खोलीबाहेर पडेनात. शेवटी ते नागपूरला परत गेले. तिथे सोनोग्राफीत गर्भाशयातली जुनी साधी गाठ निघाली. सीए-१२५ हा आकडा अशा गाठींनी वाढतो, एंडोमेट्रिओसिसने वाढतो, यकृताच्या दुखण्यातही वाढतो. म्हणूनच काही त्रास नसलेल्या बाईने चाळणी म्हणून ही चाचणी करू नये, असं तज्ज्ञ सांगतात. पॅकेजमध्ये मात्र ती असते, कारण चाचण्यांची संख्या मोठी दिसली की पॅकेज खपतं.

काकूंना सोडायला स्टेशनवर गेलो होतो, तिथून परतताना आम्ही आमच्यापुरतं एक ठरवून टाकलं. रिपोर्ट हातात पडेपर्यंत आणि तो वाकडा आला तर पुढची तपासणी होईपर्यंत जिथे राहता येईल, तिथेच चाचणी करायची. उद्या सोडायच्या गावात रक्त द्यायचं नाही. हा नियम पाळायला लागल्यापासून आमचं वर्षच वेगळं आखलं जाऊ लागलं. आधी हवामान बघून गावं ठरायची. आता कुठल्या मुक्कामात काय तपासून घ्यायचं, हेही सोबत ठरतं.

सगळ्यात स्वस्त तपासणी, म्हणजे फुकट, आम्हाला मिळाली ती बागेश्वर जिल्ह्यातल्या एका लहान गावात. आमच्या खोलीपासून चढ चढून गेलं की पिवळ्या रंगाची दोन खोल्यांची इमारत होती, पाटी ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’. २०१८ पासून देशभर उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं यांचीच ही नवी केंद्रं झाली. आधी त्यांना ‘हेल्थ अँड वेलनेस सेंटर’ म्हणत, २०२३ मध्ये नाव बदललं. तिशीच्या पुढच्या कोणाचीही पाच गोष्टींसाठी तपासणी करणं हे या केंद्रांचं ठरलेलं काम आहे: रक्तदाब, मधुमेह, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग. दारिद्र्यरेषेचं कार्ड लागत नाही, त्या गावचा रहिवासी असल्याचा दाखलाही आमच्याकडे कोणी मागितला नाही.

तिथली सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, पंचविशीतली मुलगी होती. ‘बाहर से आए हो आंटी?’ म्हणाली आणि टॅबवर फॉर्म उघडला. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, चालणं-फिरणं, घरात कोणाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का. प्रत्येक उत्तराला गुण आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी. घेर मोजायला तिने शिंप्याची टेप काढली. बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या आत, पुरुषांसाठी ९० च्या आत म्हणजे शून्य गुण. ह्यांचा रक्तदाब घ्यायच्या आधी मात्र ती घाई करायला तयार नव्हती. ‘चढकर आए हो अंकल, पाँच मिनट चुप बैठो.’ पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर सरळ, दंड छातीच्या उंचीवर टेबलावर आणि बोलायचं नाही. पहिला आकडा तिने लिहिलाच नाही. थोड्या वेळाने परत घेतला, तो लिहिला. मिरजेतही इतक्या शांतपणे कोणी रक्तदाब घेतल्याचं मला आठवत नाही.

मग तिने टॉर्च घेऊन ह्यांच्या तोंडात पाहिलं. दोन्ही गाल आतून, जीभ वर उचलून खालची बाजू, हिरड्या आणि टाळू. ती पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडतं का, हे बघत होती. ज्या देशात तोंडाचा कर्करोग इतका आहे, तिथे ही तपासणी एका टॉर्चवर होते आणि वेळही फारसा लागत नाही. तरी आमच्या ओळखीतल्या किती तंबाखू खाणाऱ्यांनी ती करून घेतली असेल, हा प्रश्न मला तिथे बसल्या बसल्या सतावत होता.

तिने आमच्याकडे आभा, म्हणजे आरोग्याच्या नोंदींचा, क्रमांक मागितला. चौदा आकडी हा क्रमांक आम्ही निघतानाच आधारवरून काढला होता. त्यावर ही नोंद चढली. दुसऱ्या राज्यात गेलो तरी मोबाइलमध्ये दिसेल, असं ती म्हणाली. सगळे दवाखाने अजून या जाळ्यात जोडलेले नाहीत, त्यामुळे आम्ही कागद सोडलेला नाही. पण जिथे जोडलेले आहेत, तिथे कामाचा वेळ वाचतो.

त्याच केंद्रातून तिने ई-संजीवनी या सरकारी व्हिडिओ सेवेवर डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. ह्यांच्या पायाला सूज येत होती. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिन गोळीने ती येऊ शकते, असं डॉक्टरांनी पडद्यावरून सांगितलं आणि गोळी बदलून लिहून दिली. आम्ही अजून पाच-सहा आठवडे त्याच गावात होतो, म्हणून नवी गोळी लागू पडते की नाही, हे त्याच मुलीने, त्याच यंत्रावर, दर आठवड्याला बघून दिलं. गोळी बदलली आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडलं, असं झालं असतं तर या बदलाला अर्थ राहिला नसता.

सरकारी केंद्रात कोणत्या चाचण्या व्हायला हव्यात, याची राष्ट्रीय यादी आहे. उपकेंद्राच्या पातळीवर १४, प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३, ग्रामीण रुग्णालयात ९७ आणि जिल्हा रुग्णालयात १३४. प्रत्येक ठिकाणी सगळ्या होतात असं नाही. कुठे रसायन संपलेलं असतं, कुठे तंत्रज्ञाची जागा रिकामी असते. पण आम्ही आता आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारतो. क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, रक्तातली साखर यांसाठी पैसे मोजायची वेळ निम्म्या वेळाच येते.

दक्षिणेतला अनुभव याहून वेगळा. तमिळनाडूत ऑगस्ट २०२१ पासून ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ ही योजना आहे, म्हणजे लोकांच्या दारापर्यंत औषध. तिरुनेलवेलीच्या बाजूला आम्ही ज्या घरात राहत होतो, तिथल्या अम्मांकडे आरोग्य स्वयंसेविका यायची. रक्तदाब बघायची, बोट टोचून साखर बघायची आणि गोळ्यांची पुडकी हातात देऊन जायची. सत्तरी ओलांडलेल्या अम्मांना गोळ्यांसाठी बसचा प्रवास करावा लागत नव्हता. तिने आमचंही बोट टोचलं. भाषा येत नव्हती, पण आकडे तिन्ही बाजूंना कळत होते.

गर्भाशयमुखाची तपासणी मी कारवारच्या बाजूला एका प्राथमिक आरोग्य केंद्रात करायला गेले. ही तपासणी बायका वर्षानुवर्षं टाळतात. लाज असते, भीती असते आणि घरातल्या बाकी सगळ्यांचं आधी बघायची सवय असते. सरकारी कार्यक्रमात ती ‘व्हीआयए’ पद्धतीने होते. तिला प्रयोगशाळा लागत नाही. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि लख्ख उजेडात बघायचं. पेशी बदललेल्या असतील तर तिथे पांढरा डाग उमटतो. निकाल जागच्या जागी मिळतो. आमच्यासारख्या फिरत्या बाईला यापेक्षा सोयीचं दुसरं काय असणार.

तिथली नर्स कोंकणी बोलणारी होती, त्यामुळे आमचं छान जमलं. तिने पडदा ओढला, काय करणार ते आधी सांगितलं. पण तपासल्यावर म्हणाली, ‘अक्का, तुमची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली. जी जागा बघायची असते, ती या वयात आत सरकते, मला पूर्ण दिसत नाही. निगेटिव्ह लिहून मी तुम्हाला पाठवणार नाही. तुम्ही एचपीव्हीची, म्हणजे या कर्करोगाच्या विषाणूची, चाचणी करून घ्या.’ तिने कार्डावर तसंच लिहिलं. मला तिचा फार आदर वाटला. ‘नॉर्मल’ लिहून मोकळं होणं तिला सोपं होतं आणि मी निर्धास्त होऊन पुढे निघून गेले असते.

या दोन्ही चाचण्यांचा पुरावा जगाला महाराष्ट्रातल्या बायकांनी दिला आहे. हे मला प्रवासात, वाचताना कळलं. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी-बारावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक मुलींनी निम्म्या वस्त्यांत व्हीआयए आणि हाताने स्तनांची तपासणी केली. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. हाताने केलेल्या स्तनतपासणीने पन्नाशीच्या पुढच्या बायकांमधले स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, हा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा अभ्यास बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ५२ गावगटांमध्ये झाला. १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका त्यात होत्या. एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदा केली, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ साली या अभ्यासाने दाखवलं. माझ्या आईच्या वयाच्या कितीतरी बायका शेतातलं काम टाकून त्या तपासणीला गेल्या असतील. त्यांच्यामुळे आज जगभर धोरणं ठरतात.

त्या हिवाळ्यात कोइम्बतूरला मोठा मुक्काम ठरवला तो मॅमोग्राफी आणि एचपीव्ही, दोन्हींसाठी. खोली महिन्याच्या भाड्याने घेतली आणि पहिल्याच आठवड्यात एका धर्मादाय रुग्णालयात नाव नोंदवलं. मॅमोग्राफीला सुमारे दोन हजार रुपये लागले. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात चौकशी केली होती, तिथे याच्या दुप्पट सांगितले होते. एचपीव्हीचे वेगळे द्यावे लागले, पण त्या चाचणीचा निकाल निगेटिव्ह आला तर पुढची पाच वर्षं सुट्टी, हा हिशेब मला पटला.

मॅमोग्राफीचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी मिळाला. त्यावर ‘बायरॅड्स ०’ लिहिलं होतं. शून्य म्हणजे काही नाही, असं ह्यांना वाटलं आणि ते चहा सांगायला निघाले. मी मिरजेतून निघतानाच हे आकडे समजून घेतले होते. १ म्हणजे स्वच्छ, २ म्हणजे निरुपद्रवी, ३ असेल तर सहा महिन्यांनी परत बघायचं, ४ आणि ५ असेल तर तुकडा काढून तपासायचा. शून्याचा अर्थ, या चित्रावरून काही सांगता येत नाही, आणखी तपासा.

‘अहो, थांबा. अजून सोनोग्राफी करायला लागेल.’

‘कधी?’

‘डॉक्टरबाई म्हणतील तेव्हा.’

हे खुर्चीत परत बसले. पुढच्या गावचं तिकीट काढलेलं नव्हतं, म्हणून मी इतकं सहज बोलू शकले. रेडिऑलॉजिस्ट बाईंनी विचारलं, ‘जुने फोटो आहेत?’ आमच्या निळ्या फाइलमध्ये मिरजेला काढलेल्या मॅमोग्राफीच्या फिल्म होत्या, सीडीही होती. त्यांनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी उजेडावर लावल्या. डाव्या बाजूला एक गोल सावली होती, ती जुन्या फिल्ममध्ये नव्हती. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. त्यात पातळ भिंतीची, नुसत्या पाण्याने भरलेली गाठ दिसली. या वयात थोडी कमी दिसते, पण साधी गाठ. रिपोर्ट बदलून ‘बायरॅड्स २’ झाला. एचपीव्हीही निगेटिव्ह आला.

ते मधले दिवस सोपे गेले नाहीत. रात्री झोप लागत नव्हती. सकाळी मंडईत जायचो, इडलीचं पीठ आणायचो, हे मुद्दाम मला लांब फिरायला न्यायचे. पण आम्ही रुग्णालयापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर होतो आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलायचं नव्हतं. नागपूरच्या काकूंना हेच मिळालं नव्हतं. तपासणीतला शंकेचा निकाल ही अपवादाची गोष्ट नाही. कोणतीही चाळणी काही निरोगी माणसांनाही अडवते आणि मग दुसऱ्या तपासणीने त्यांना मोकळं करते. ती दुसरी तपासणी हा कामाचा अर्धा भाग आहे. तो सोडून नुसता पहिला भाग स्वस्तात मिळवला, तर आपण फक्त भीती विकत घेतलेली असते.

मदुराईला ह्यांचे डोळे दाखवले. अरविंद आय हॉस्पिटलची गोष्ट मला निवृत्त माणसाची म्हणून जवळची वाटते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी वयाच्या ५८ व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि १९७६ साली त्यांनी अकरा खाटांचं रुग्णालय उघडलं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झालेली होती, तरी त्या हातांनी त्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या. आज तिथे पैसे देणारे आणि न देणारे, दोन्ही रुग्ण येतात. ह्यांना डोळ्यांचा दाब, नस आणि नजरेचं क्षेत्र अशा तपासण्यांतून एकेका टेबलावर पुढे पाठवत गेले. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातल्यावर काही तास नीट दिसत नाही, तेव्हा त्या दिवशी दुसरं काही ठरवू नये. दाब ठीक होता. नसेचा फोटो मात्र त्यांनी जपून ठेवायला सांगितला, कारण पुढच्या वर्षी त्याच्याशी ताडून बघायचं. काचबिंदूत एका वेळच्या आकड्यापेक्षा वर्षागणिक काय बदललं ते महत्त्वाचं.

हीच गोष्ट सगळ्या तपासण्यांची. गावात असताना हे बदल डॉक्टर लक्षात ठेवतात. फिरस्तीत ते आपण ठेवायचे असतात. निळ्या फाइलच्या पहिल्या पानावर मी बँकेतल्या लेजरसारखे रकाने आखले आहेत: तारीख, गाव, लॅब, आकडा आणि त्या लॅबची सामान्य मर्यादा. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण टीएसएचसारख्या चाचणीत दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असतात आणि आकडे थोडे पुढे-मागे होतात. म्हणून टीएसएच आणि एचबीए१सी आम्ही शक्यतो एकाच लॅबच्या शाखांत करतो आणि लॅब एनएबीएलची मान्यता असलेलीच बघतो. रात्रभराचा प्रवास करून सकाळी उपाशीपोटी रक्त देत नाही. गावी पोचून दोन-चार दिवस झोप आणि जेवण ताळ्यावर आलं की मगच देतो. घरचं रक्तदाबाचं यंत्र दंडाला बांधायचं घेतलं आहे, मनगटाचं नाही. नव्या गावातल्या आरोग्य केंद्रात ते घेऊन जातो आणि तिथल्या यंत्राशी पडताळून बघतो. ह्यांच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घेतो. केंद्र पुढच्या गावात असेलच असं नाही, म्हणून दोन-तीन महिन्यांचा साठा बरोबर असतो.

विम्याबद्दल लोक विचारतात, म्हणून तेही सांगते. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कार्ड मिळतं, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, बाहेरच्या तपासण्यांसाठी नाही. खासगी विम्याच्या काही पॉलिसींत वर्षातून एकदा तपासणी मोफत असते. ती कोणत्या शहरातल्या कोणत्या लॅबमध्ये होते, हे निघण्याआधी विचारून घ्यावं. आणि जे जुन्या करपद्धतीने विवरणपत्र भरतात, त्यांना कलम ८०डीच्या मर्यादेत प्रतिबंधक तपासणीचे पाच हजारांपर्यंतचे पैसे दाखवता येतात. तपासणीचे पैसे रोख दिले असले तरी चालतात. पावती मात्र जपायची.

आमचं फिरणं हौसेचं आहे. मुक्काम लांबवायचा तर आम्ही घरमालकाला एक फोन करतो. पण सांगली-मिरजेच्या बाजूला राहिलेल्या कोणालाही दसरा-दिवाळीनंतर येणाऱ्या ऊसतोड टोळ्या माहीत असतात. बीड, धाराशिव आणि अहिल्यानगरहून निघून ही माणसं मार्च-एप्रिलपर्यंत फडात, पालात राहतात आणि एका फडातला ऊस तोडून झाला की पुढच्या फडाकडे सरकतात. गावात तपासणीचं शिबिर लागतं तेव्हा ती फडात असतात आणि फडाजवळच्या केंद्रात त्यांना ओळखणारं कोणी नसतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला समिती नेमावी लागली. डॉ. नीलम गोऱ्हे तिच्या अध्यक्ष होत्या. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, अशा तक्रारी घेऊन गेल्यावर आपल्याला कर्करोगाची भीती घालण्यात आली, असं कितीतरी बायकांनी त्या वेळी सांगितलं. त्यांच्यातल्या अनेकजणी तिशी-पस्तिशीच्या होत्या. ज्या वयात व्हीआयए नीट होऊ शकते, त्याच वयाच्या. एका मिनिटाची, जागच्या जागी निकाल देणारी तपासणी त्यांच्यापर्यंत पोचली असती आणि तिचा निकाल त्यांना नीट समजावला असता, तर किती भीती आणि किती शस्त्रक्रिया टळल्या असत्या.

हे करायचं तंत्र आज उपलब्ध आहे. व्हीआयएत डाग दिसला आणि तो उपचार करण्यासारखा असला, तर बॅटरीवर चालणाऱ्या हातातल्या यंत्राने ती जागा उष्णतेने नष्ट करता येते. त्याला थर्मल अ‍ॅब्लेशन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेली ही पद्धत आहे, तपासणी आणि उपचार एकाच भेटीत होऊ शकतात. टोळ्या निघण्याआधी दिवाळीच्या सुमारास गावागावांत आणि हंगामात कारखान्याच्या तळावर, अशी दोनदा ही सोय झाली पाहिजे. जिला पुढची तपासणी लागेल, तिला त्या दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे आणि तिच्या नोंदी तिच्याबरोबर फिरल्या पाहिजेत. आम्हाला जे कोइम्बतूरला थांबून मिळालं, ते ज्यांना थांबता येत नाही त्यांच्यापर्यंत चालत गेलं पाहिजे. ती जबाबदारी कारखान्याची आहे, सरकारची आहे आणि त्यांनी तोडलेल्या उसाची साखर रोज चहात घालणाऱ्या आपणा सगळ्यांचीही आहे.